प्रश्न तुमचे : नवा प्रोसेसर बसवला आणि कॉम्प्युटर बिथरला

अपग्रेडनंतर मशीन अस्थिर झाल्याची पत्रं या वेळी इतकी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले आहेत. बहुतेक पत्रांत निदान आधीच ठरलेलं असतं : ‘प्रोसेसर डिफेक्टिव्ह निघाला.’ तसा तो निघतो, पण क्वचित. बहुतेक वेळा दोष जुन्या प्रोसेसरसाठी केलेल्या सेटिंग्जचा, रॅमचा किंवा विजेचा असतो. याला एक मोठा अपवाद आहे, तो दुसऱ्या प्रश्नात आला आहे.

प्रश्न : बी४५० मदरबोर्डवर रायझन ५ २६०० होता, त्याच्या जागी रायझन ७ ५७००एक्स बसवला. आधी बायॉस (बोर्डच्या सेटिंग्ज सांभाळणारा आतला प्रोग्रॅम) अपडेट केलं. जुन्या सेटिंग्जचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते, त्यावरून सगळं पुन्हा भरलं. ८ जीबीच्या दोन ३२०० रॅम होत्या, त्यात ३६००च्या आणखी दोन घातल्या. गेम तासन्‌तास चालतात, सिनेबेंच ही प्रोसेसरची चाचणीही नीट पार पडते. पण यूट्यूब बघताना किंवा नुसता डेस्कटॉप उघडा असताना मशीन फटकन रिस्टार्ट होतं. निळा स्क्रीनही येत नाही. दुकानदार म्हणतो एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) बदला. तो ५५० वॅटचा, सहा वर्षं जुना आहे. — एक वाचक, मिरज

उत्तर : भरपूर काम दिल्यावर चालतं आणि रिकामं असताना पडतं, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ. उष्णतेचा दोष असता तर उलट झालं असतं. एसएमपीएसची ताकद कमी पडत असती तरी आधी गेममध्ये पडलं असतं.

आठही कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्र काम करणारे भाग) राबत असतात तेव्हा ५७००एक्सला एकूण ७६ वॅटची मर्यादा असते. ती आठांत वाटली जाते, म्हणून प्रत्येक कोअर बेताच्या वेगाने आणि बेताच्या व्होल्टेजवर चालतो. ब्राउझरसारख्या हलक्या कामात मात्र एखादाच कोअर उसळी मारून ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि दुसऱ्या क्षणी झोपतो. खरी कसोटी या चढउताराची असते. तुमचा २६०० फार तर ३.९ गिगाहर्ट्झला जायचा. त्याला चालणारी व्होल्टेज-कपात याला चालेलच असं नाही.

म्हणून आधी मोबाइलवरचे ते फोटो उघडा आणि व्हीकोअरच्या, म्हणजे कोअरच्या व्होल्टेजच्या, ओळीत ‘ऑफसेट’ आणि वजाचं चिन्ह दिसतं का बघा. उन्हाळ्यात तापमान उतरवायला पुष्कळ जण वजा ०.०५ किंवा वजा ०.१ व्होल्ट टाकतात आणि नंतर विसरून जातात. ऑफसेट वेग-व्होल्टेजच्या प्रत्येक पायरीवरून तेवढीच रक्कम कापतो. मधल्या पायऱ्यांवर ती पचते, वरच्या टोकाला पचत नाही. सिनेबेंच मधल्या पायरीवर चालतं, त्यामुळे त्यात पास झालं तरी मशीन स्थिर आहे हे सिद्ध होत नाही. आकड्यांच्या हौशीपलीकडे त्या चाचणीला इथे फारशी किंमत देऊ नका.

दुरुस्तीला हात घालण्याआधी पाच मिनिटं विंडोजची नोंदवही वाचा. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम. रिस्टार्टच्या वेळेला ‘कर्नल-पॉवर ४१’ सापडेल, पण त्यातून फक्त मशीन रीतसर बंद झालं नाही एवढंच कळतं. त्याच्या आसपास ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’, इव्हेंट क्रमांक १८ आहे का शोधा. त्यात ‘एरर टाइप’ आणि ‘प्रोसेसर एपिक आयडी’ अशा दोन ओळी असतात. एरर टाइप ‘कॅश हायरार्की एरर’ असेल तर संशय कोअरवर, म्हणजे त्याला मिळणाऱ्या व्होल्टेजवर. ‘बस/इंटरकनेक्ट एरर’ असेल तर आधी रॅम आणि इन्फिनिटी फॅब्रिककडे (प्रोसेसरच्या आतला, कोअर आणि रॅमला जोडणारा मार्ग) बघा.

एपिक आयडीवरून कोअर ओळखता येतो. ५७००एक्समध्ये आठ कोअर एकाच तुकड्यावर आहेत आणि प्रत्येकाचे दोन थ्रेड. कोअर शून्यापासून मोजले तर आयडी ०-१ म्हणजे कोअर ०, २-३ म्हणजे कोअर १, ६-७ म्हणजे कोअर ३. चार-पाच नोंदी कागदावर उतरवा. दर वेळी तोच कोअर येत असेल तर त्याला व्होल्टेज कमी पडतंय किंवा तोच अशक्त आहे. आयडी दर वेळी बदलत असेल तर कारण सगळ्यांना सामाईक आहे : ऑफसेट, रॅम, एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाचं) किंवा वीज. इव्हेंट १९ म्हणजे सापडलेली चूक दुरुस्त झाली. मशीन पडत नाही म्हणून तिकडे दुर्लक्ष करू नका. फॅब्रिकचा वेग ताणलेला असतो तेव्हा या नोंदी पावसासारख्या येतात.

आता बायॉसमध्ये जाऊन ‘लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स’ करा. असूसच्या बोर्डवर एफ५, एमएसआयवर एफ६, गिगाबाइटवर एफ७, अ‍ॅसरॉकवर एफ९. सेव्ह करा आणि फोटो बघून काहीही भरू नका. रॅमला तिच्यावर छापलेल्या वेगाने चालवणारी एक्सएमपी ही सेटिंगसुद्धा नको. रॅम २१३३, २४०० किंवा २६६६वर येईल, चालू द्या. नंतर घेतलेल्या रॅमच्या दोन स्टिक काढून ठेवा. उरलेल्या दोन प्रोसेसरकडून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात, बोर्डवर तिथे ए२ आणि बी२ छापलेलं असतं. एरवी वापरता तसंच मशीन दोन-तीन दिवस वापरा, यूट्यूबसह. रिस्टार्ट थांबले तर प्रोसेसर आणि एसएमपीएस दोघांवरचा आरोप जवळपास मिटला.

पुढे एका वेळी एकच बदल. दोन बदल एकदम केले की पुन्हा पडल्यावर काही कळत नाही.

प्रथम एक्सएमपी चालू करून दोन स्टिक ३२००वर न्या. रॅमचं व्होल्टेज १.३५ आणि फॅब्रिकचा वेग १६०० दिसतो ना ते डोळ्यांनी पाहा. काही बोर्ड ‘ऑटो’वर एसओसी व्होल्टेज कमी ठेवतात. ते १.०५ ते १.१० व्होल्ट करायला हरकत नाही. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू करा आणि चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या. याला काही तास लागतात, रात्री लावून झोपा. उत्तर शून्य चुका हेच हवं. ‘फक्त दोन आल्या’ हे पासिंग नाही. चुका येत असताना विंडोज नव्याने टाकणं किंवा फोटो-कागदपत्रं एका डिस्कवरून दुसरीवर हलवणं कटाक्षाने टाळा. रॅममध्ये बिघडलेली बिटं तशीच डिस्कवर लिहिली जातात आणि हे नुकसान महिन्यांनी, फोटो उघडेनासा झाल्यावर, लक्षात येतं.

नंतर चार स्टिक. तुमच्या मिश्रणाची अडचण इथे आहे. ३२०० आणि ३६००च्या रॅमवर एकाच कंपनीचं लेबल असलं तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात. बोर्ड बहुधा एकीच्या प्रोफाइलमधले टायमिंग (रॅमने किती वेळात उत्तर द्यायचं ते आकडे) वाचून चौघींवर लादतो. शिवाय एएमडी या पिढीला ३२००ची हमी देतं ती दोन स्टिकवर. चार सिंगल रँक (चिपचा एकच संच असलेल्या) स्टिकवर अधिकृत आकडा २९३३, चार ड्युअल रँकवर २६६६. त्यापुढे मिळालं तर नशीब. चौघींना ३२००, टायमिंग १६-१८-१८-३८, व्होल्टेज १.३५ असं हाताने भरून मेमटेस्ट लावा. चुका आल्या तर टायमिंगशी झटापट न करता २९३३ करा. गेममध्ये फरक जाणवणारही नाही. खरा इलाज म्हणजे चारही विकून १६ जीबीच्या दोन स्टिकचा एकच जोड घेणं, पण त्यासाठी घाई नाही.

तापमान कमी करायचंच असेल तर सरसकट ऑफसेटपेक्षा कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे कोअरगणिक कपात ठरवू देणारी बायॉसमधली सेटिंग, बरा. सगळ्या कोअरना वजा १०पासून सुरुवात करा. एक अंक म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. इंटरनेटवर वजा ३० सर्रास दिसतं. प्रत्येक चिप वेगळी असते आणि बोर्डने ‘उत्तम’ ठरवलेले दोन कोअर बहुधा सगळ्यात कमी कपात सोसतात. तपासायला कोअरसायकलर वापरा. तो प्राइम९५ ही कोअरला दमवणारी चाचणी एका वेळी एकाच कोअरवर चालवतो, म्हणजे तुमच्या मशीनचं नेमकं दुखणं दाबून बघतो. रात्रभर चालवा. जो कोअर पडेल त्याची कपात पाचाने घटवा.

डिफॉल्टवर, दोनच स्टिक असतानाही रिकाम्या वेळी रिस्टार्ट चालूच राहिले, तर मात्र दुकानदाराच्या म्हणण्याकडे या. प्रोसेसर गाढ झोपेत गेला की १२ व्होल्टवरचा प्रवाह अगदी कमी होतो आणि काही जुन्या एसएमपीएसना तेवढ्या कमी प्रवाहावर व्होल्टेज सांभाळता येत नाही. बायॉसमध्ये एएमडी सीबीएसखाली ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ आहे, ते ‘टिपिकल करंट आयडल’ करा. रिस्टार्ट थांबले तर चोर सापडला, आणि नवा एसएमपीएस येईपर्यंत मशीन तसंच वापरता येईल. नवा मॉड्युलर (वायरी सुट्या होणारा) घेतलात तर त्याच्याच पेटीतल्या वायरी वापरा. जुन्या वायरी आधीच ओढून बसवलेल्या आहेत म्हणून त्याच नव्या एसएमपीएसला जोडण्याचा मोह होतो. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते आणि चुकीच्या वायरीतून १२ व्होल्ट थेट एसएसडीत जाऊ शकतात.

शेवटी उरतात पिना. तुमच्या बोर्डच्या एएम४ सॉकेटमध्ये १३३१ पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. एखादी वाकली की कधी मशीन चालूच होत नाही, कधी रॅमचा अख्खा चॅनल गायब होतो. १६ जीबी लावून ८च दिसत असेल तर आधी हे तपासा. कूलर काढण्यापूर्वी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट होऊ द्या. मग बंद करा, वायर काढा, कूलर हलकेच डावी-उजवीकडे पिळून सोडवा. सरळ वर ओढलात तर सॉकेटची कडी लागलेली असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो. वाकलेली पिन एटीएम कार्डच्या कडेने, शेजारच्या ओळीशी समांतर आणत, थोडी थोडी सरळ करा.

हे सगळं करून, दुसऱ्या बोर्डवरही तोच कोअर पडत असेल, तर वॉरंटी. पेटीबंद रायझनला एएमडीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रे प्रोसेसर, म्हणजे पेटीविना विकला जाणारा, घेतला असेल तर विक्रेता देईल तीच वॉरंटी. लॅमिंग्टन रोड असो की तपकीर गल्ली, ‘ट्रे’ आणि ‘बॉक्स’ यांतला हजार-दीड हजाराचा फरक वाचवताना हे आठवावं.

प्रश्न : कोअर आय५ १२४०० काढून त्याच बोर्डवर वापरलेला आय९ १३९००के टाकला. नव्या गेममध्ये ‘कंपायलिंग शेडर्स’ चालू असताना ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ असा संदेश येऊन गेम बंद पडतो. ग्राफिक्स कार्ड १२ जीबीचं आहे. ते मित्राच्या कार्डाशी बदलून पाहिलं, फरक नाही. एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकतानाही मधूनच एरर येते. — एक वाचक, नागपूर

उत्तर : ग्राफिक्स कार्ड निर्दोष आहे, पुन्हा त्यावर पैसे घालवू नका. शेडर (ग्राफिक्स कार्डाने चालवायचे छोटे प्रोग्रॅम) तयार करताना गेम दाबून ठेवलेली माहिती सगळ्या कोअरवर एकदम उलगडतो. त्यातल्या एका कोअरने चुकीचं उत्तर दिलं की पुढचे हिशेब फिसकटतात आणि गेम हाताशी असलेला एक संदेश फेकून मोकळा होतो. ड्रायव्हरच्या इन्स्टॉलरमध्येही आत तशीच दाबलेली फाइल असते, म्हणून तोही अडखळतो. ही दोन लक्षणं १३व्या-१४व्या पिढीच्या इंटेलवर एकत्र दिसली तर प्रोसेसरवर पहिला संशय घ्यावा.

प्रोसेसर डिफेक्टिव्ह निघण्याचा सुरुवातीला सांगितलेला अपवाद हाच. जुलै २०२४मध्ये इंटेलने मान्य केलं की या पिढ्यांचे डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. जास्त व्होल्टेज आणि उष्णता मिळून कोअरमधल्या घड्याळाच्या सर्किटची झीज होते. मग पूर्वी ज्या व्होल्टेजवर कोअर नीट चालायचा, त्याच व्होल्टेजवर तो चुकू लागतो. इंटेलने याला ‘व्हीमिन शिफ्ट’ म्हटलं. उपाय मायक्रोकोडमधून (बायॉसबरोबर येणाऱ्या, प्रोसेसरच्या आतल्या सूचना) टप्प्याटप्प्याने आले : ऑगस्ट २०२४मध्ये ०एक्स१२९, त्याने १.५५ व्होल्टच्या वरची मागणी अडवली. सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी. मे २०२५मध्ये ०एक्स१२एफ, जे दिवसचे दिवस हलक्या कामात चालू राहणाऱ्या मशीनसाठी होतं. तुमचा जुना १२४०० या भानगडीत नाही, आणि नेमकी इथेच गफलत होते. १२व्या पिढीवर बोर्ड सुरळीत चालत होता म्हणून कोणी बायॉस अपडेटच केलं नाही, आणि त्या जुन्या बायॉसवर १३९००के बसवला.

एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅमच्या पहिल्याच खिडकीत मायक्रोकोडचा आकडा दिसतो. तो ०एक्स१२बीच्या मागचा असेल तर बोर्ड कंपनीच्या साइटवरून शेवटचं बायॉस टाका. मग बायॉसमध्ये ‘इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज’ निवडा. पुष्कळ बोर्ड कारखान्यातूनच पॉवर लिमिट ४०९६ वॅट, म्हणजे मर्यादाच नाही, असं येत. १३९००केला पीएल२ (विजेची वरची मर्यादा) २५३ वॅट आणि आयसीसीमॅक्स (प्रवाहाची मर्यादा) ३०७ अँपिअर दिसायला हवं. साध्या बी मालिकेच्या, व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डचा भाग) हीटसिंक नसलेल्या बोर्डवर त्याहूनही खाली, १२५ वॅटवर ठेवा.

यानंतरही गेम पडला तर एक साधी परीक्षा. परफॉर्मन्स कोअरचा रेशो (वेगाचा गुणक) ५५वरून ५३ करा आणि तोच गेम, त्याच ठिकाणी चालवा. आता शेडर शेवटपर्यंत गेले तर दुखणं प्रोसेसरचंच, शंका नको. मात्र हा उपाय समजून तसंच वापरत राहू नका. झालेली झीज कोणताही मायक्रोकोड भरून काढत नाही. आज ५३वर चालणारा काही महिन्यांनी ५२ मागेल. शेडर-कॅश पुसून, गेमच्या फाइल ‘व्हेरिफाय’ करून पुन्हा तपासा, कारण चुकलेल्या प्रोसेसरने आधी उतरवलेल्या फाइलही बिघडलेल्या असू शकतात.

बदली मिळण्याची शक्यता आहे. इंटेलने या पिढ्यांतल्या आय९, आय७ आणि १३६००के-१४६००के गटाच्या पेटीबंद प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून खरेदीपासून पाच वर्षं केली. विकणाऱ्याकडून मूळ बिल आणि पेटीवरचा सिरीयल नंबर आजच मागून घ्या. दोन्ही ‘हरवले’ असतील तर पैसे परत मागायला हे पुरेसं कारण आहे. एकूणच या दोन पिढ्यांचे, नावात के असलेले प्रोसेसर जुन्या बाजारातून घेऊ नयेत असं आमचं मत आहे, भाव कितीही पडलेला दिसला तरी.

प्रश्न : नवा रायझन बसवल्यावर काळ्या स्क्रीनवर ‘न्यू सीपीयू इन्स्टॉल्ड, एफटीपीएम एनव्ही करप्टेड’ असं येतं आणि वाय दाबा किंवा एन दाबा असं विचारतं. काय दाबू? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : अजून काहीच दाबलं नसेल तर थांबा. काहीही बिघडलेलं नाही. विंडोजने डिस्कला कुलूप लावलं असेल तर त्या कुलपाची किल्ली टीपीएम नावाच्या सुरक्षा-भागात असते, आणि रायझनचा टीपीएम (एफटीपीएम) हा जुन्या प्रोसेसरशी बांधलेला असतो. ‘वाय’ म्हणजे नवा टीपीएम कोरा सुरू करा. डिस्कवर बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू असेल तर त्यानंतर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाईल, ती नसेल तर डिस्क उघडणार नाही. विंडोज ११मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं असेल तर हे कुलूप तुम्हाला न विचारताही लागलेलं असू शकतं. मोबाइलवरून त्याच खात्यात जाऊन की मिळते का बघा, मिळाली तर कागदावर उतरवा आणि मग ‘वाय’ दाबा. की सापडत नसेल तर ‘एन’ दाबा, मशीन बंद करा, जुना प्रोसेसर परत बसवा, विंडोजमध्ये जाऊन एन्क्रिप्शन पूर्ण काढा, आणि मगच अदलाबदल करा.

हा रायझन जुन्या बायॉसवर चालवणाऱ्यांना आणखी एक त्रास होतो : दिवसातून काही वेळा एक-दोन सेकंद सगळं थबकतं, आवाज तुटतो, मग पूर्ववत. हाही एफटीपीएमचाच उद्योग. बोर्डवरच्या बायॉसच्या चिपशी त्याची देवाणघेवाण चालू असताना मशीन खोळंबतं. एजीसा (बायॉसमधला एएमडीचा भाग) १.२.०.७ किंवा नंतरचं बायॉस टाकलं की जातं. पण अपडेटच्या आधीही ती ४८ आकडी की जवळ ठेवा.

प्रश्न : रायझन ५ ५६०० आणि आरटीएक्स ४०६० टाकल्यापासून गेम चालू असताना लाइट गेली की यूपीएस असूनही मशीन बंद पडतं. आधी कधी असं होत नव्हतं. यूपीएस ६०० व्हीएचा आहे. — एक वाचक, धुळे

उत्तर : हिशेब मांडू. कार्ड ११५ वॅट, प्रोसेसर ७६ वॅटपर्यंत, बोर्ड-पंखे-डिस्क मिळून ४०-५०. झाले साधारण २४०. एसएमपीएसची गळती धरून भिंतीतून २८० आणि मॉनिटरसह ३१०च्या आसपास. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच देतो, तेही बॅटरी ताजी असताना. आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एकच बॅटरी असते. तिच्यातून २५ अँपिअरहून जास्त ओढले की दोन-तीन वर्षं जुन्या बॅटरीचं व्होल्टेज क्षणात कोसळतं. पूर्वी मशीन निम्मीच वीज खात असेल, म्हणून ते झाकलेलं राहिलं.

पडताळा सोपा आहे. गेम बंद ठेवून नुसत्या डेस्कटॉपवर यूपीएसचा प्लग काढा. आता टिकलं आणि गेममध्ये टिकत नाही, तर कारण हेच. एकदा मशीन थेट भिंतीच्या सॉकेटला लावून दोन दिवस चालवा, म्हणजे एरवीचे रिस्टार्ट यूपीएसमुळे नाहीत ना तेही कळेल. बॅटरी बदलून कदाचित भागेल, पण कडेलाच राहाल. १००० ते ११०० व्हीएचा घ्या, पाठीवर वॅटचा आकडा ६०० किंवा जवळपास लिहिलेला पाहून. लेझर प्रिंटर त्याला कधीही जोडू नका. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे ‘यूपीएस मोड’चं बटण असतं, ते चालू हवं. चांगला एसएमपीएस पूर्ण लोडवर वीज गेल्यानंतर १६ मिलिसेकंदांच्या आसपासच तग धरतो, इन्व्हर्टरचा साधा मोड त्याहून उशिरा बदलतो. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर हे सगळं बाजूला ठेवून आधी वायरमन बोलावून अर्थिंग तपासा.

प्रश्न : एएम५ बोर्ड, रायझन ५ ७६०० आणि डीडीआर५च्या चार स्टिक घेतल्या. सगळं जोडून बटण दाबलं तर पंखे फिरतात, स्क्रीन काळाच. दोनदा बंद-चालू केलं. प्रोसेसर मेला का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बहुधा तुम्ही त्याला वेळच दिला नाही. डीडीआर५ पहिल्यांदा लावल्यावर बोर्ड प्रत्येक स्टिकशी जुळवून घेत असतो. त्याला काही मिनिटं लागतात, चार स्टिक असतील तर दहा-पंधराही. मधे बंद केलंत की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. बोर्डच्या कडेला ‘डीरॅम’ लिहिलेला दिवा लागलेला असेल तर चहा पिऊन या.

पंधरा मिनिटांनंतरही तोच दिवा असेल तर मशीन बंद करा, वायर काढा, एकच स्टिक ए२मध्ये ठेवा आणि सीएमओएस क्लिअर करा, म्हणजे बायॉसच्या सेटिंग्ज पुसा. बायॉस उघडलं की सगळ्यात आधी ते अपडेट करा. जुन्या बायॉसवर एक्स्पो (एक्सएमपीसारखीच एएमडीची सेटिंग) चालू करू नका. २०२३मध्ये काही बोर्डांवर एसओसी व्होल्टेज बेफाम चढून प्रोसेसर जळाले होते, त्यानंतरच्या बायॉसमध्ये ते १.३ व्होल्टवर अडवलं आहे. मग एकेक स्टिक वाढवत जा. चार स्टिकवर ७००० मालिकेला अधिकृत वेग ३६००च आहे, दोनवर ५२००. पेटीवर ६००० छापलेल्या चार स्टिक ६०००वर धावतील ही आशा सोडा आणि परत देता येत असतील तर दोन आजच परत द्या.

प्रश्न : रायझन ७ ७७००एक्स कोणतंही जड काम दिलं की ९५ अंशांना जाऊन टेकतो. पेस्ट बदलून पाहिली. प्रोसेसर खराब होईल का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही. ७०००च्या एक्स प्रोसेसरची रचनाच अशी आहे की ९५पर्यंत जायचं आणि तिथे थांबून जमेल तेवढा वेग काढायचा. मशीन पडत नसेल तर हा दोष नाही. पंख्याचा आवाज नको असेल तर बायॉसमध्ये ‘इको मोड’ ६५ वॅट करा. वेग थोडासाच जातो, तापमान मात्र भरपूर उतरतं. दोन गोष्टी तेवढ्या बघून घ्या : कूलरच्या बुडाची पारदर्शक फिल्म काढली होती ना, आणि स्क्रू एकेक पूर्ण न आवळता आळीपाळीने, समोरासमोरचे थोडे थोडे आवळले होते ना. एका कडेला दाब जास्त पडला असेल तर मशीन सुरू होताच, काम नसतानाही, तापमान ७०च्या वर दिसतं. तसं दिसत असेल तर कूलर पुन्हा बसवा. किनारपट्टीच्या दमट हवेत कूलरच्या पात्यांत धूळ चिकटून बसते, ती नुसत्या फुंकरीने जात नाही, रंगकामाच्या कोरड्या ब्रशने काढा, पंखा बोटाने धरून.